रमीची ॲड, चाळीस हजारांचा ॲडव्हान्स आणि तुमचं अकाउंट

भाऊ, तुमचं म्हणणं थोडक्यात असं: नागपुरात धंतोलीला दोघांची लहानशी जाहिरात एजन्सी, रमी ॲपवाला क्लायंट चाळीस हजार ॲडव्हान्स द्यायला तयार, आणि ‘रमी कौशल्याचा खेळ आहे हे सुप्रीम कोर्टानेच सांगितलंय’ असं तो छातीठोकपणे सांगतोय. तेव्हा गुगलचं गॅम्ब्लिंग सर्टिफिकेट, म्हणजे जुगाराच्या ॲड लावायची गुगलची परवानगी, कशी काढायची, हा तुमचा प्रश्न.

ते निघणार नाही. भारतात दाखवायच्या ॲडसाठी तर नाहीच.

क्लायंट खोटं बोलत नाही, जुनं बोलतोय. १९६७ मध्ये आंध्रातल्या एका खटल्यात सुप्रीम कोर्टाने रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ म्हटलं होतं, आणि त्या एका निकालावर ॲपवाल्यांनी पुढे मोठा संसार मांडला. पण ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, २२ तारखेला राष्ट्रपतींची सहीही झाली. त्या कायद्यात कौशल्य की नशीब हा वादच ठेवलेला नाही. पैसे भरून, पैसे जिंकायच्या आशेने ऑनलाइन खेळायचं म्हणजे मनी गेम, मग पत्ते असोत की फॅन्टसी क्रिकेट. असा खेळ पुरवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद, १ कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही. जाहिरात करणाऱ्याला २ वर्षांपर्यंत कैद, ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. नुसतं खेळणाऱ्याला शिक्षा नाही. म्हणजे या साखळीत आपण कुठे बसतो ते बघा. क्लायंट फक्त व्हॉट्सॲपवर भेटणार, आणि जीएसटी नंबर, कार्ड, ऑफिसचा पत्ता सगळं तुमचं.

आता गुगलचं सर्टिफिकेट. ही एकदा काढली की कुठेही चालते अशी गोष्ट नाही. ते देशागणिक वेगळं असतं. ज्या देशात ॲड दाखवायची तिथला परवाना लागतो, वेबसाइटवर जबाबदारीने खेळण्याची सूचना लागते, आणि अल्पवयीनांना उद्देशून काही चालत नाही. त्यामुळे क्लायंटने माल्टा किंवा कुरासाव अशा परदेशातला जुगाराचा परवाना पाठवला, तर तो नागपूरच्या माणसाला ॲड दाखवायला शून्य कामाचा. आणि हे फक्त पैसे लावायच्या ॲपपुरतं नाही, इथेच बहुतेक जण फसतात. बोनस कोड देणारी साइट, सट्ट्याचे भाव सांगणारी, ‘आजच्या टिप्स’ विकणारी, पोकर शिकवणारी, सगळ्या त्याच पॉलिसीत येतात. नकली चिप्सवर चालणाऱ्या कॅसिनो गेमलाही वेगळं सर्टिफिकेट लागतं. तेव्हा ‘आपण फक्त रमी शिकवणारं पेज दाखवू’ ही युक्ती डोक्यात असेल तर सोडून द्या.

सर्च कंपन्या या बाबतीत एवढ्या कडक का, त्यालाही जुनं कारण आहे. २००७ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याशी जुगाराच्या ॲडवरून तडजोड करताना गुगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून ३ कोटी १५ लाख डॉलर मोजले. त्यातले २ कोटी १० लाख एकट्या मायक्रोसॉफ्टचे. दुसऱ्याच्या जुगाराची ॲड दाखवल्याबद्दल ज्याने एकदा खिशातून पैसे दिलेत, तो अकाउंट बंद झाल्यावर तुम्ही केलेल्या अपिलातल्या विनवण्या किती मनावर घेणार?

‘पण सगळेच लावून राह्यले, आपणच काऊन घाबराचं?’ हे तुमचा क्लायंट म्हणणारच. दिसतात ना, मलाही दिसतात. त्या कशा येतात सांगतो. तपासणाऱ्याला एक पेज दाखवायचं, गिऱ्हाइकाला दुसरं, याला क्लोकिंग म्हणतात. किंवा कुणाचं तरी जुनं, स्वच्छ इतिहासाचं अकाउंट भाड्याने घ्यायचं. ते उडालं की पुढचं. त्यांच्यासाठी अकाउंट ही वापरून फेकायची वस्तू आहे. तुमच्यासाठी तीच रोजीरोटी आहे. गुगलच्या नियमात अशी फसवणूक म्हणजे सिस्टीमला चकवणं, आणि त्याला आधी ताकीद मिळत नाही, अकाउंट थेट सस्पेंड.

माझं स्वतःचं सांगतो. काही वर्षांपूर्वी एका क्लायंटने क्रिकेट स्कोअरचं पेज दिलं. साधं, स्वच्छ, मी स्वतः उघडून पाहिलं, ॲड मंजूर झाली. आयपीएलच्या एका संध्याकाळी त्याने मागच्या मागे तेच पेज सट्ट्याच्या साइटकडे वळवलं. सकाळी उठलो तर अकाउंट बंद. नुसतं त्याचं नाही. पेमेंटचं कार्ड एकच होतं, म्हणून सोबत एका कोचिंग क्लासचं आणि सावजी मसालेवाल्याचंही गेलं. ॲडमिशनचा सीझन, क्लासवाले सर दिवसातून चारदा फोन करायचे. मी तीनदा अपील केलं, तिन्ही फेटाळलं. सर्च कंपनीचं नाव सांगत नाही, कारण चूक तिची नव्हतीच. एक कार्ड सगळ्यांना लावणारा मीच होतो.

आणि आपल्या शहरात पोलिसांना हा विषय नव्याने शिकवावा लागत नाही. २०२३ मध्ये इथल्या एका व्यापाऱ्याने ऑनलाइन जुगारात ५८ कोटी गेल्याची तक्रार केली होती आणि गोंदियात बुकीच्या घरी रोकड-सोनं सापडलं होतं, आठवत असेल. जामठ्याच्या स्टेडियमवर मॅच असली की लक्ष आणखी वाढतं.

चालतं काय? पैसे न लावता खेळायचं ॲप चालतं. कायद्याने मान्य केलेल्या ई-स्पोर्ट्सच्या, म्हणजे व्हिडिओ गेमच्या, स्पर्धेला प्रवेश फी आणि बक्षीसही चालतं, फक्त नोंदणीचे कागद आधी मागा. जुगाराचं व्यसन सोडवणाऱ्या समुपदेशकाची ॲडही चालते. कधीकधी ‘सट्टा’ हा शब्द दिसला की मशीन तीही अडवतं. तिथे मात्र अपील करा, पेजवर कुठल्याही ॲपची लिंक नसेल तर बहुतेक वेळा सुटते.

क्लायंटला ‘आम्ही ही कॅटेगरी घेत नाही’ एवढं एक वाक्य लिहून पाठवा. कायद्यावर वाद घालत बसू नका, तो रोज चार एजन्सींशी तोच वाद घालतो. ॲडव्हान्स आला असेल तर ज्या खात्यातून आला त्याच खात्यात परत करा, ‘या दुसऱ्या यूपीआयवर टाका’ म्हणाला तरी टाकू नका. आणि बोलणी चालू असताना त्याला ॲड अकाउंटचा ॲक्सेस दिला असेल, तर हे वाचून झाल्यावर पहिलं तेच काढा.