हरून आलेल्या पोरीशी काय बोलायचं?

"मॅडम, कापूस इकून बूट घेतले, त्याचं काई नाई. पण आल्यापासून पोट्टी बोलतच नाई हो." यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावाहून माझ्याकडे समुपदेशनासाठी आलेले वडील सांगत होते. मुलगी सतरा वर्षांची, 3000 मीटर धावणारी. राष्ट्रीय स्पर्धेतून पदकाविना परतली आणि तिचं पहाटेचं धावणंच बंद झालं. (ओळख कळू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) घरचे समजावून थकले होते. 'पुढच्या वेळी जिंकशील', 'अनुभव तरी मिळाला'. ही दुसरी समजूत मला मुळीच आवडत नाही. हरल्याचं दुःख अजून पुरतं बाहेरही आलेलं नसतं, तोच आपण त्यावर झाकण ठेवतो.

वडिलांना बाहेर बसवून मी तिला शर्यतच सांगायला लावली, फेरीगणिक. साडेसात फेऱ्या. पहिल्या चार तिने भराभर सांगितल्या. पाचवीत दम तुटला, तिथे ती थांबली आणि रडली. मी मध्ये बोलले नाही. मग ती म्हणाली, "टाइम माह्या आजवरचा सगळ्यात चांगला होता. पण स्टँडवर माहा फ्लेक्स लागला हाये ना. लोकं इचारतात, मेडल कुठं हाये? मी आता मांगच्या गल्लीनं जातो."

म्हणजे दुखणी दोन होती. शर्यत हातची गेल्याचं दुःख तिचं स्वतःचं होतं आणि ते ती सोसत होती. तिला घरात कोंडून ठेवलं होतं ते गावाच्या अपेक्षेनं. अशा मुलांच्या बाबतीत पालक बहुतेकदा पहिल्याच दुखण्यावर औषध लावत बसतात.

पुढच्या भेटीत मी तिला शिवा केशवनबद्दल सांगितलं. मनालीचा हा खेळाडू ल्यूजमध्ये, म्हणजे बर्फाच्या घसरपट्टीवर उताणं झोपून घसरगाडी हाकण्याच्या खेळात, 1998 च्या नागानोपासून 2018 च्या प्योंगचांगपर्यंत सहा हिवाळी ऑलिंपिक खेळला. देशात ल्यूजचा ट्रॅक नाही, म्हणून गाडीला चाकं लावून हिमालयातल्या डांबरी रस्त्यांवर, ट्रक-जीपमधून वाट काढत सराव करायचा. सहा ऑलिंपिकमधला सगळ्यात वरचा क्रमांक पंचविसावा, तोही 2006 मध्ये तुरिनला. आशिया कप त्यानं जिंकला, पण हिवाळी ऑलिंपिकचं पदक नाहीच.

मुरमाच्या रस्त्यावर तयारी करून सिंथेटिक ट्रॅकवर उतरणाऱ्या या पोरीला चाकांची गोष्ट लगेच कळली. पंचविसाव्या नंबराशी मात्र ती अडली. "मंग थे सहा खेप गेले काहून?"

मी उत्तर दिलं नाही. तिनेच शोधावं असं वाटलं.

वडिलांना मात्र मी स्पष्ट सांगितलं: फ्लेक्स उतरवायचा की नाही, हे तिला विचारा. महिनाभर 'पुढं काय' विचारू नका. पाहुण्यांसमोर मेडलचा विषय निघाला तर उत्तर तुम्ही द्या, तिच्यावर ढकलू नका. आणि बुटांचा खर्च तिच्यासमोर काढू नका, "त्याचं काई नाई" असंही म्हणू नका. तिला तो हिशेब तोंडपाठ आहे.

अशी उदासी हळूहळू ओसरते. पण दोन आठवड्यांहून जास्त झोप-जेवण बिघडलेलं राहिलं, तर डॉक्टरांना दाखवा. आणि 'जगून काय उपयोग' असं एकदा जरी तोंडून निघालं, तर वाट पाहू नका. मुलाला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या मोफत नंबरवर रात्रीअपरात्रीही मराठीत बोलता येतं.