मुख्याध्यापकांची सही पुरत नाही, गुरुजी

प्रश्न : मी शहादा तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत मुख्याध्यापक आहे. मुलगी जळगावला एम.ए. मानसशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. डिझर्टेशनचा (लघुप्रबंधाचा) विषय ‘आश्रमशाळेतील किशोरवयीन मुलींमधील ताण’. माझ्याच शाळेत दोनशे मुली आहेत, एका दिवसात फॉर्म भरून देतो म्हटलं तर नको म्हणते. पालकांची परवानगी, समिती असं काहीबाही सांगते. अशानं वर्ष वाया जाईल. नेट, पीएच.डी., मग प्राध्यापकी असं ठरलेलं आहे. स्थळंही येताहेत. प्रश्नावली सोबत जोडली आहे. तिला समजवा.
– एक पालक, जि. नंदुरबार

उत्तर : गुरुजी, पत्र दोनदा वाचलं. ‘ठरलेलं आहे’ असं तुम्ही लिहिता, पण कोणी ठरवलं ते लिहीत नाही. मुलीनं ‘नको’ म्हटलं आणि तुम्हाला त्यात फक्त वाया जाणारं वर्ष दिसलं. आता तुमचा वर्ग डोळ्यांसमोर आणा. तुम्ही स्वतः उभे राहून कागद वाटताय. ‘सर, मला नाही भरायचा’ असं म्हणणारी एक तरी पोर त्या दोनशेंत निघेल का? तुमच्या मुलीला ते तुमच्यासमोर म्हणायला एम.ए.पर्यंत शिकावं लागलं.

‘शाळेत आम्हीच पालक’ हा समज मी कितीतरी शिक्षकांकडून ऐकलाय. रात्री-बेरात्री तापानं फणफणलेल्या मुलीला दवाखान्यात नेताना तो खराही असतो. संशोधनात चालत नाही. २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम जिल्ह्यात शाळकरी मुलींना एचपीव्ही लस (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची) देण्याचा अभ्यास-प्रकल्प झाला. त्यात आश्रमशाळांतल्या आदिवासी मुलीही होत्या. हजारो संमतीपत्रांवर आईबापांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांनी सह्या केल्या होत्या. २०१३ मध्ये संसदेच्या स्थायी समितीनं त्यावर कडक ताशेरे ओढले. सही करणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांना आपण मुलींचं भलंच करतोय असं वाटत असणार, तुमच्यासारखंच.

ती लस होती, हे तर नुसते प्रश्न, असं तुम्ही म्हणाल. मग जोडलेली प्रश्नावली पुन्हा वाचा. ‘कोणी नकोसा स्पर्श केला आहे का?’ ‘जगू नये असं वाटतं का?’ आणि वर रकाना : नाव, इयत्ता, गाव. एकीनं ‘हो’ लिहिलं तर पुढे काय? पोक्सो कायद्याच्या (२०१२) कलम १९ प्रमाणे अशी गोष्ट कळली की पोलिसांना सांगावीच लागते, न सांगणं हा गुन्हा. म्हणजे प्रश्नावलीच्या डोक्यावर छापलेलं ‘आपली माहिती पूर्णपणे गुप्त राहील’ हे वाक्य पाळताच येणार नाही. नाव काढून टाकलं, तर मदत कोणाला करायची तेच कळणार नाही. आणि गठ्ठा जमा होणार तुमच्या टेबलावर. त्या पोरीनं शाळेतल्याच कोणाकडे बोट दाखवलं असेल तर? हे सगळं फॉर्म वाटायच्या आधी सोडवायचं असतं. तुमची मुलगी म्हणते ती समिती, म्हणजे संशोधनाची नैतिक बाजू तपासणारी समिती, त्यासाठीच असते.

माझंही सांगते. एम.ए.ला असताना एका मुलीनं प्रश्नावली कोरी परत दिली. मी तिला पुन्हा बसवून भरून घेतली, सॅम्पल कमी पडत होतं म्हणून. तिचा चेहरा अजून आठवतो, माझे निष्कर्ष मात्र एकही आठवत नाहीत.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं तुमच्या मुलीनं वाचलेली दिसतात. पालकांची संमती तर हवीच, शिवाय सात ते बारा वर्षांच्या मुलांचा तोंडी आणि बारा ते अठराच्या मुलांचा लेखी होकारही हवा. तुमच्याकडचे निम्मे आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत असतील. ते होळीला, भोंगऱ्याच्या बाजाराच्या सुमारास गावी येतात. तेव्हा पाड्यावर जाऊन, पावरी बोलणारं कोणी सोबत घेऊन समजावणं, हे काम आहे. पुस्तकी मराठीतल्या कागदावर अंगठा घेतला म्हणजे संमती झाली असं नाही.

यंदा एवढं जमणार नसेल तर तिनं गाईडशी बोलून विषय थोडा वळवावा. आश्रमशाळेत शिकून आता कॉलेजात असलेल्या, अठरा वर्षांवरच्या मुलींशी बोलावं. त्या स्वतःची संमती स्वतः देऊ शकतात, नाहीही म्हणू शकतात. वीस-पंचवीस नीट घेतलेल्या मुलाखती पुरेत. समितीची मंजुरी तेव्हाही घ्यावी, आणि मुली तुमच्या शाळेतल्या नसाव्यात.

नेट, सेट, पेट (पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा) या परीक्षा पुढच्या खेपेलाही देता येतात.

तिला समजवण्यासारखं मला काही सापडलं नाही. मुलांसोबत काम करणाऱ्या माणसात मी जे शोधते, ते तिच्यात आहे. प्राध्यापकीच करायची की बालसंरक्षणाच्या, समुपदेशनाच्या कामात जायचं, हे तिलाच विचारा, आणि स्थळांचंही. पुढचं पत्र तिनं लिहिलं तर बरं. टाकण्याआधी तुम्ही ते वाचू नका.