एलन व्हाइटची आरोग्यविषयक शिकवण खरंच दैवी होती का?

थोडक्यात सांगायचं तर, मला तसं वाटत नाही. पण ती सगळीच टाकाऊ होती असंही नाही.

सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथात (पुण्याचं स्पायसर विद्यापीठ याच पंथाचं) एलन व्हाइटला संदेष्टी मानतात. 1863 साली मिशिगनमध्ये तिला आरोग्याबद्दल दृष्टांत झाला म्हणे. मांस, दारू, तंबाखू, चहा-कॉफी सोडा, शुद्ध हवा आणि पाणी घ्या, असा त्याचा सार. मात्र सिल्व्हेस्टर ग्रॅहॅमसारखे सुधारक हेच तीसेक वर्षं आधीपासून सांगत होते. इतिहासकार रोनाल्ड नंबर्स यांनी 1976 मध्ये हे साम्य पुराव्यानिशी मांडलं.

तंबाखूबद्दल बाई बरोबरच होत्या. पण खोट्या केसांच्या टोपानं मेंदू तापतो आणि माणूस वेडा होऊ शकतो, हेही त्यांनीच छापलं. आता हे कोणत्या देवानं सांगितलं? शिवाय 1882 च्या पत्रात त्या सुनेकडून कालवांचे डबे मागवतात! मांसाहार त्यांनी कायमचा सोडला तो 1894 च्या सुमारास.

कॅलिफोर्नियातले अ‍ॅडव्हेंटिस्ट जास्त जगतात, हे अभ्यासांत दिसलंय. पण त्याचं श्रेय सिगारेट न ओढण्याला आणि भाजीपाल्याला द्या, त्यासाठी दृष्टांत कशाला हवा?