घर घेण्याआधी ड्रेनेज लाइनमध्ये कॅमेरा घालावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घर पसंत पडलंय, बांधकाम चाळीस वर्षांपूर्वीचं आहे, विकणारे म्हणतात ‘आमची लाइन कधी तुंबली नाही’ आणि ओळखीचा प्लंबर सांगतोय की इसार देण्याआधी ड्रेनेज लाइन कॅमेऱ्याने बघून घ्या. हा जादाचा खर्च करावा का?

करा, आणि इसाराआधीच करा. नंतर कळलेल्या दोषाची किंमत एकट्या तुमच्या खिशातून जाते.

छत गळलं तर डाग दिसतो, भिंतीला ओल आली तर रंग फुगतो. जमिनीखालची लाइन मात्र फुटून बरीच वर्षं झाली तरी वरून काही कळत नाही. घराची एरवीची तपासणी करणारे नळ सोडतात, फ्लश ओढतात आणि पाणी गेलं की ‘ठीक’ लिहितात. एवढं पाणी अर्ध्या मुजलेल्या पाइपातूनही निघून जातं.

विकणारे खोटं बोलतात असं मला म्हणायचं नाही. फक्त त्या घरात सध्या किती माणसं राहतात ते विचारा. दोन माणसांचं पाणी निमूटपणे नेणारी लाइन सहा माणसं, दोन बाथरूम आणि वॉशिंग मशीन एकदम सुरू झाल्यावर पहिल्याच महिन्यात तुंबू शकते. घर काही महिने बंद असेल तर आणखी जपून. कोरडी लाइन कॅमेऱ्यात दिसायला चांगली दिसते, पण पाणी कुठे थांबतं ते तिच्यात कळत नाही. म्हणून कॅमेरा घालण्याआधी सगळे नळ बराच वेळ सोडून ठेवा आणि प्रत्येक संडासाचा फ्लश ओढा. तपासणी चालू असतानाही कोणाला तरी आत पाणी सोडत राहायला सांगा.

आणखी एक विचारा: लाइन शेवटची कधी साफ केली आणि कशाने? विक्रीच्या तोंडावर जेटने, म्हणजे जोरदार दाबाच्या पाण्याने, साफ केलेल्या लाइनमध्ये आत शिरलेली झाडांची मुळं कापली गेलेली असतात. पण ज्या सांध्यातून ती आत आली तो सांधा तसाच असतो, आणि मुळं पुन्हा वाढतात. सांध्याभोवती कापलेल्या बारीक मुळांची कडी दिसली तर तेच समजा.

तपासणीच्या वेळी स्वतः हजर राहा. एवढं एक माझं ऐकाच. कॅमेरा एका लवचीक दांड्याच्या टोकाला असतो आणि पडद्याच्या कोपऱ्यात तो किती आत गेला याचा आकडा धावत असतो. चांगल्या लाइनमध्ये तळाशी पाण्याची पातळ धार दिसते आणि पाइपाचा वरचा बहुतेक भाग मोकळा असतो. मग समजा सात मीटरवर धार रुंद व्हायला लागली, साडेसातवर पाणी अर्ध्या पाइपापर्यंत आलं, आठवर कॅमेरा पूर्ण बुडाला आणि पडदा गढूळ झाला. साडेनऊवर तो पुन्हा पाण्याबाहेर आला. म्हणजे मधल्या दोन-अडीच मीटरात लाइन खचून झोळ पडलाय. मैला तिथे थांबतो, वर चरबीचा थर बसतो. अशा वेळी ऑपरेटर ‘थोडं पाणी आहे, चालतं’ म्हणून कॅमेरा पुढे सारायला लागला तर थांबवा आणि झोळ कुठून कुठपर्यंत आहे ते लिहून घ्या. वीतभर लांबीचा उथळ झोळ जुन्या घरात खपवून घेता येतो. कॅमेरा पुरता बुडवणारा नाही.

मी झोळावर एवढा भर देतो कारण बाकीच्या बऱ्याच दोषांवर न खणता इलाज आहे, झोळावर सहसा नाही. भेगा, गळके सांधे, मुळं यांसाठी पाइपाला आतून अस्तर घालता येतं. रेझिनमध्ये भिजवलेली नळी आत सारून फुगवतात आणि ती कडक होते. हे तंत्र १९७१ मध्ये लंडनमध्ये पहिल्यांदा वापरलं गेलं आणि आता चांगलं रुळलंय. पण अस्तर जुन्या पाइपाचाच आकार घेतं, त्यामुळे झोळ अस्तरासकट तसाच राहतो. ढाळ बिघडला की खणून लाइन नव्याने बसवावी लागते. १०० मिमीच्या लाइनला साधारण ४० ते ६० मीटरला एक मीटर ढाळ लागतो. त्याहून सपाट झाली की पाणी पुढे जातं आणि घाण मागे राहते. पाइप पूर्ण दबला असेल तरी अस्तर जात नाही.

पाइप कशाचा आहे तेही पडद्यावर ओळखू येतं. भाजलेल्या मातीचा पाइप स्वतः फार टिकतो, पण त्याचे तुकडे आखूड, म्हणून सांधे पुष्कळ आणि मुळांना वाटाही पुष्कळ. बिडाचा पाइप तळातून खाल्ला जातो. वरची बाजू शाबूत दिसते आणि खाली पाणी वाहून वाहून गंजाची चर पडलेली असते, तेव्हा नजर तळावरच ठेवा. लगद्यात डांबर मुरवून केलेले पाइपही एकेकाळी वापरले जात. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतरच्या घरांत ते ‘ऑरेंजबर्ग’ नावाने भेटतात. ते मातीच्या भाराने चपटे होतात. असा पाइप निघाला तर दुरुस्तीचा हिशेब करू नका, पूर्ण लाइन बदलण्याचा करा. पीव्हीसी असला तरी बेफिकीर राहू नका. भराव नीट न दाबता टाकलेल्या नव्या लाइनलाही झोळ पडतो.

दोष सापडला की तो नेमका कुठे आहे हे दोषाइतकंच महत्त्वाचं. कॅमेऱ्याच्या डोक्यात छोटा ट्रान्समीटर असतो, बहुधा ५१२ हर्ट्झचा. वरून लोकेटर, म्हणजे त्याचा संकेत पकडणारं यंत्र, फिरवलं की जागा आणि अंदाजे खोली कळते. तिथे जमिनीवर खूण करून फोटो काढा. तीच भेग बागेत असेल तर दुरुस्ती सोपी. स्वयंपाकघराच्या फरशीखाली, मोठ्या झाडाच्या बुंध्याशी किंवा शेजाऱ्याच्या हद्दीत असेल तर सगळा हिशेब बदलतो. लाइन दुसऱ्याच्या जागेतून जात असेल तर तसा हक्क कागदोपत्री आहे का ते वकिलाला बघायला सांगा. मुख्य लाइनपर्यंतचा तुकडा मालकाने सांभाळायचा की पालिकेने, हे ठिकाणागणिक बदलतं. कित्येक ठिकाणी तो मालकाच्याच गळ्यात असतो.

कॅमेरा घराजवळच्या चेंबरमधून मुख्य लाइनच्या जोडापर्यंत पोचलाच पाहिजे. मध्येच अडकला आणि अहवालात ‘पुढे जाता आलं नाही’ असं आलं, तर तपासणी झाली असं धरू नका. लाइन साफ करवून पुन्हा कॅमेरा घालायला सांगा. चेंबर सापडतच नसेल तर संडासाचं भांडं काढूनही कॅमेरा आत सोडता येतो, फक्त ते पुन्हा बसवण्याचं आधी ठरवून घ्या.

तपासणी करणारा स्वतः दुरुस्तीही करत असेल तर त्याचं निदान ऐका, पण पूर्ण, न कापलेला व्हिडिओ मागून घ्या आणि तो दुसऱ्याला दाखवून दुसरा अंदाज घ्या. एकाने ‘पूर्ण लाइन बदला’ म्हटलेल्या घरात दुसऱ्याने दीड मीटरचा तुकडा बदलून काम भागवलेलं मी पाहिलंय. दोन्ही अंदाज हातात असले की विकणाऱ्यांशी बोलणं सोपं जातं. त्यांनी दुरुस्ती करून द्यावी यापेक्षा किमतीत तेवढी सूट घ्यावी असं माझं मत आहे. घर सोडून जाणारा माणूस साहजिकच स्वस्तातली दुरुस्ती निवडतो.

घर मुख्य लाइनला जोडलेलंच नसून सेप्टिक टँकवर असेल तर टँकचं झाकण अनुभवी माणसाकडून उघडवा. आतल्या वायूने माणूस बेशुद्ध पडतो, स्वतः वाकून बघू नका. पाणी बाहेर जाणाऱ्या पाइपाच्या वर चढलेलं असेल तर पुढची वाट तुंबली आहे किंवा जमीन पाणी शोषत नाही. त्या पाइपाच्या बरंच खाली असेल आणि टँक नुकताच उपसलेला नसेल, तर टँक गळतोय.

पुढच्या खेपेला घर बघायला जाल तेव्हा सगळी चेंबरं शोधा, मोठी झाडं त्यांच्यापासून किती लांब आहेत ते बघा आणि एका बाथरूममध्ये पाणी सोडलं की दुसऱ्या बाथरूमच्या नहाणीत गुडगुड ऐकू येते का तेही तपासा. व्हिडिओ हातात आला की पाइप कशाचा आहे आणि कितव्या मीटरवर काय दिसतंय ते लिहा, मी बघून सांगतो.