इंजिन बदललेली १९९३ ची सिव्हिक कॅलिफोर्नियाच्या स्मॉग चेकमधून कशी पास करून घ्यावी?

सिव्हिकमध्ये होंडाच्याच इंटेग्रा जीएस-आर या गाडीचे इंजिन बसवले, रोलरवरच्या चाचणीत आकडे मर्यादेच्या आत आले, तरीही स्टेशनवाल्याने गाडी नापास करून रेफरीकडे, म्हणजे अशा वेगळ्या गाड्या तपासणाऱ्या सरकारमान्य तपासनिसाकडे पाठवले, आता काय करावे, असे तुम्ही विचारले आहे. सोबत ‘धूर स्वच्छ असताना ही अडवणूक कशासाठी’ असेही लिहिले आहे. हेच वाक्य मी माझ्या साडूंच्या तोंडून दर दिवाळीच्या फराळाला ऐकतो, त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

अडवणूक झालेली नाही. कॅलिफोर्नियाचा स्मॉग चेक म्हणजे आपल्याकडच्या पेट्रोल पंपाशेजारची पीयूसी नव्हे. तुमच्या सालच्या गाडीला रोलरवर ताशी १५ आणि २५ मैलांच्या वेगाने चालवून हायड्रोकार्बन, कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रिक ऑक्साइड मोजतात; पण त्याच तपासणीत बॉनेट उघडून प्रदूषण-नियंत्रणाचे सर्व भाग जागेवर आहेत का, हेही पाहतात. यांपैकी एकात नापास झालेली गाडी नापासच ठरते. बदललेल्या इंजिनाला आधी रेफरीची मान्यता लागते आणि त्याचे लेबल गाडीवर नसेल, तर साध्या स्टेशनने ती पास करू नये, असाच नियम आहे.

आमचे साडू सांगलीचे. त्यांच्या वडिलांचे गॅरेज होते आणि स्वतः साडूंच्या हाताला इतका गुण आहे की इंजिनाचा आवाज ऐकून ते दोष सांगतात. आम्ही दोघांनी साधारण एकाच सुमारास, तुम्ही केला तोच बदल करायला घेतला. त्यांनी जंकयार्डमधून तारा कापलेले नुसते इंजिन आणले आणि चकचकीत हेडर, म्हणजे एक्झॉस्टच्या मूळ मॅनिफोल्डऐवजी लावायचा बाजारातला नळ्यांचा जुडगा, ऑनलाइन मागवला. मी मागून ठोकलेली १९९४ ची अख्खी जीएस-आर विकत घेतली. ‘अहो, हे भंगार दारात कशाला आणता?’ असे त्यांनी मला चारचौघांत विचारले होते. बायकोचेही मत त्यांच्याच बाजूचे होते, कारण आमची दुसरी गाडी कित्येक महिने रस्त्यावर उभी राहिली.

त्या भंगारातून काय मिळाले ते सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्यातच आहे. इंजिनासोबत त्याचा मूळ पी७२ संगणक मिळाला. त्या संगणकाला इंजिनातली ठोक ओळखणारा नॉक सेन्सर लागतो, झडपांची उघडझाप बदलणाऱ्या व्हीटेक यंत्रणेच्या सोलेनॉइडची तार लागते आणि इनटेकमधल्या दुय्यम झडपा उघडणारी व्यवस्था लागते. माझ्या साध्या सिव्हिकच्या वायरिंगमध्ये यांतले काहीच नव्हते. ते सारे इंटेग्रातून काढून जोडले. पेट्रोलच्या वाफा शोषून घेणारा कोळशाचा कॅनिस्टर, एक्झॉस्टचा मूळ मॅनिफोल्ड आणि एअर फिल्टरची पेटीही तिचीच बसवली. बॉनेटखालचा व्हॅक्यूमच्या नळ्यांचा आराखडा छापलेला स्टिकर मात्र निघेना, म्हणून मी अख्खे बॉनेटच सोबत नेले. कम्युनिटी कॉलेजमधल्या रेफरीने इंजिनाचा क्रमांक वाचला, त्या आराखड्यावर बोट ठेवून एकेक नळी पडताळली, रोलरवरची चाचणी घेतली आणि लेबल चिकटवून दिले. तेव्हापासून साधे स्टेशन ही गाडी त्या लेबलप्रमाणे तपासते.

साडूंच्या गाडीचा धूर माझ्या गाडीपेक्षा स्वच्छ निघाला होता, हे मी कुठेही कबूल करेन. तरीही ती नापास झाली. हेडरवर कार्बचा, म्हणजे कॅलिफोर्नियाच्या हवा-प्रदूषण नियंत्रण मंडळाचा, मान्यता क्रमांक नव्हता, कॅनिस्टरच्या नळ्या नुसत्या बुच मारून ठेवल्या होत्या आणि चेक इंजिनचा दिवा पेटलेला होता. शेवटी त्यांनी ती गाडी नेवाडातल्या गिऱ्हाइकाला विकली आणि आजही ते सरकारलाच दोष देतात.

त्यांचा मुद्दा मला कधीच पटला नाही. रोलरवरची चाचणी तापलेल्या इंजिनाचे काही मिनिटांचे वागणे सांगते. थंड इंजिन सुरू होताना काय ओकते, किंवा उन्हात उभ्या गाडीच्या टाकीतून पेट्रोलच्या किती वाफा उडतात, हे त्यात दिसत नाही. त्या वाफांसाठीच तर कॅनिस्टर असतो. शिवाय डोळ्यांना दिसणारा धूर हा इथला मूळ त्रास नव्हेच. लॉस एंजेलिसच्या स्मॉगमधला ओझोन हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांवर ऊन पडून तयार होतो, हे रसायनशास्त्रज्ञ हागेन-स्मिट यांनी १९५० च्या दशकातच दाखवून दिले होते, आणि हे वायू सायलेन्सरकडे बघून कोणालाही ओळखता येत नाहीत, मग तो गॅरेजवाल्याचा मुलगा का असेना.

आता तुमच्या गाडीचे. इंजिन गाडीच्या सालाचे किंवा त्यानंतरचे हवे, आणि ज्या मानकावर ते प्रमाणित झाले ते तुमच्या गाडीच्या मानकाइतके किंवा त्याहून कडक हवे. कॅम, पिस्टन, इनटेक यांत मान्यता नसलेला बदल चालत नाही. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बाजारातला घेणार असाल, तर तो कार्बने या इंजिनासाठी मान्य केलेलाच घ्या. रेफरी दुरुस्ती करून देत नाही, त्यामुळे ‘दाखवून तर बघू’ म्हणून जाण्यात अर्थ नाही.

हे सारे तुमचे इंजिन अमेरिकेत विकल्या गेलेल्या गाडीतले आहे असे धरून लिहिले आहे. ते जपानहून आलेले असेल, तर अमेरिकेत प्रमाणित झालेल्या इंजिनाशी ते भागन्‌भाग जुळवावे लागेल. ट्रकच्या वर्गातले इंजिन मोटारीत घातले असेल, तर पैसे वाया गेले असे समजा. आणि महाराष्ट्रातून कोणी हे वाचत असेल, तर तिथे मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आणि आरसीवरचा इंजिन क्रमांक हे मुद्दे आधी येतात; पीयूसीचा विचार त्यानंतर.

तुम्हीही बाजारातला हेडर लावला असेल, तर तो आज तपासून बघा. त्यावर ‘डी’ने सुरू होणारा मान्यता क्रमांक असेल आणि ती मान्यता याच इंजिनाला लागू असेल, तर तो राहू द्या. नसेल, तर इंटेग्राचा मूळ मॅनिफोल्ड शोधा आणि तो बसवल्यावरच रेफरीच्या अपॉइंटमेंटसाठी फोन करा.