गव्हात दिसणारा गोल पट्टा जुन्या गढीचा खंदक असू शकतो का?

तुम्ही इंदूरजवळच्या शेताचं उपग्रहचित्र दाखवून विचारलंय, म्हणून सांगतो: असू शकतो, पण एका चित्रावरून ठरवू नका.

बुजलेल्या खंदकात भुसभुशीत, खोल माती साठते. ती ओल धरते, म्हणून वरचं पीक उंच वाढतं आणि जास्त दिवस हिरवं राहतं. खाली दगडी पाया असेल तर उलट, गहू खुरटतो आणि आधी पिवळा पडतो. म्हणजे तुमचा पट्टा गडद हिरवा असेल तर खाली खंदक असू शकतो, फिकट असेल तर भिंत. कोरड्या वर्षी हे ठळक दिसतं. आयर्लंडमध्ये न्यूग्रेंजजवळ जुलै २०१८ च्या दुष्काळात ड्रोनमधून एक भलंमोठं प्राचीन वर्तुळ असंच उमटलं होतं.

माळव्यात मात्र अडचण आहे. आपली काळी माती मुळातच ओल धरते, त्यात गव्हाला पाणी दिलेलं, त्यामुळे फरक पुसट होतो. सांवेरकडे मावशीच्या शेतात मलाही असंच वर्तुळ दिसलं होतं. बांधावर उभं राहिलं तर काहीच कळेना. आत शिरून ओंब्या पाहिल्या तेव्हा त्या पट्ट्यातल्या वीतभर उंच निघाल्या. मावसोबा म्हणाले, "अरे, इथं आपलं जुनं खळं होतं!"

म्हणून आधी गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा, मग गूगल अर्थवर फेब्रुवारी-मार्चची जुनी चित्रं लावून बघा. आकार तोच, तिथेच, वेगवेगळ्या वर्षी दिसला तर राज्य पुरातत्त्व विभागाला कळवा. स्वतः कुदळ मात्र लावू नका, कृपा करून.