बारावीच्या वर्षी शाळा सोडून घरी अभ्यास करू द्यावा का?

अकरावी-बारावीच्या मुलांचे पालक अलीकडे एक प्रश्न हमखास विचारतात: मुलाला ताण सहन होत नाही, तर हायर सेकंडरीतून नाव काढून त्याला घरीच अभ्यास करू द्यावा का, आणि तसे केले तर पुढचे शिक्षण खुंटेल का? मूल नेमके कशापासून दूर जाऊ पाहते आहे हे कळल्याशिवाय या प्रश्नाचे उत्तर देऊ नये, असे माझे ठाम मत आहे. गोव्यातील डिचोली तालुक्यातल्या एका कुटुंबाची हकीकत त्यांच्या परवानगीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून इथे सांगते, कारण तिच्यात या प्रश्नाच्या बहुतेक बाजू येतात.

मुलगी बारावी सायन्सला होती. चौथीपर्यंत मराठी शाळा, पुढे इंग्रजी माध्यम, दहावीला उत्तम गुण आणि मग म्हापशातील हायर सेकंडरी, असा तिचा सरळ चाललेला प्रवास होता. सकाळी पावणेसातची कदंब, म्हणजे गोव्याची सरकारी बस, पकडायची, दुपारी कॉलेज सुटले की तिथेच कोचिंग क्लासला जायचे आणि दिवेलागणीनंतर घरी पोचायचे, हा तिचा नेम होता. बारावीचा जून सुरू झाला आणि पोटदुखी सुरू झाली. ती रात्री दप्तर भरून ठेवी, सकाळी गणवेश घाली, एका पायात बूट चढवी आणि दुसरा हातात धरून सोप्यावर बसून राही. बस वळणावर दिसली की तिचे हात गार पडत, मळमळू लागे आणि ती आईला एवढेच म्हणे, "आई, हांव आयज वचना." (मी आज जात नाही.)

आई मला म्हणाली, "मॅडम, ती खोटं बोलत नाही हो. पण बस गेली की अर्ध्या तासात तिला बरं वाटतं, चहा-पाव खाते. म्हणून तिचे बाबा म्हणतात, ही नाटकं आहेत."

पोटदुखी खरी होती आणि बस गेल्यावर वाटणारे बरेही खरे होते. मन धास्तावले की शरीर धोक्याच्या तयारीला लागते. छाती धडधडते, पचन मंदावते, हातपाय थंड होतात. ज्या गोष्टीची धास्ती आहे ती टळली की हे सारे ओसरते आणि सुटल्यासारखे वाटते. अडचण अशी की हे सुटणेच मनाला शिकवते की आज वाचलो ते न गेल्यामुळे, आणि मग दुसऱ्या दिवशीची धास्ती आदल्या दिवसापेक्षा मोठी होते. म्हणूनच धास्ती ऐन भरात असताना घेतलेला शाळा सोडण्याचा निर्णय मला धोक्याचा वाटतो. त्यातून चार दिवस घरात शांतता येते, पण पुढे तीच धास्ती परीक्षा केंद्राच्या दारात किंवा पदवीच्या पहिल्या वर्षात पुन्हा उभी राहू शकते.

मी मुलीशी एकटीशी बोलले. अशा वेळी एक प्रश्न मी कधीही टाळत नाही: जगूच नये असे कधी वाटते का? हा प्रश्न विचारल्याने मुलांच्या डोक्यात तो विचार येतो, अशी भीती पालकांना वाटते. प्रत्यक्षात कोणीतरी सरळ विचारले याचे मुलांना हायसे वाटते. ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "मरावंसं वाटत नाही, पण सकाळी जागच येऊ नये असं वाटतं." त्यानंतर शाळेचा विषय मी बाजूला ठेवला आणि आधी तिची मानसोपचारतज्ज्ञांकडून तपासणी करून घेतली. गोव्यात त्यासाठी बांबोळीची इन्स्टिट्यूट ऑफ सायकियाट्री अँड ह्यूमन बिहेविअर (आय.पी.एच.बी.) ही सरकारी संस्था आहे, आणि रात्री-अपरात्री कोणाशी बोलावे हे सुचत नसेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक सर्वांसाठी उघडा आहे. तिला काही काळ औषधे घ्यावी लागली. औषधाचे नाव काढताच वडिलांचा चेहरा उतरला होता; तरीही त्यांनी एकही गोळी चुकू दिली नाही, हे आवर्जून नोंदवले पाहिजे.

झोप जरा सुधारल्यावर मी तिला आठवड्याचे वेळापत्रक लिहायला सांगितले आणि प्रत्येक तासापुढे ताणाचा आकडा मांडायला सांगितला, शून्यापासून दहापर्यंत. जीवशास्त्राच्या प्रॅक्टिकलपुढे तिने एक लिहिले होते. इंग्रजीच्या तासाला दोन, मैत्रिणीबरोबर डबा खाण्याच्या सुट्टीला शून्य. भौतिकशास्त्राला सात होते. कोचिंगच्या रविवारच्या चाचणीपुढे तिने दहा लिहून त्याभोवती पेनने इतक्यांदा गोल काढला होता की कागद फाटला होता. त्या चाचणीचे गुण, सर्व मुलांच्या नावांसह आणि क्रमांकासह, रविवारी रात्री पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर येत. वडील ते जेवताना मोठ्याने वाचून दाखवत. त्यांचा हेतू वाईट नव्हता, पण सोमवारची पावणेसातची बस तिला का पकडता येत नाही, याचे मोठे उत्तर त्या यादीत होते.

म्हणजे जी मुलगी शाळा सोडायला निघाली होती, तिच्या आठवड्यातील सर्वांत हलके तास शाळेतच होते. हे तिच्या आईवडिलांना तोवर माहीत नव्हते, आणि मला वाटते तिलाही नव्हते.

सर्वांत आधी कोचिंग बंद करायचे ठरले. वडिलांनी दोन वर्षांची फी आगाऊ भरली होती आणि ती परत मिळणार नव्हती, त्यामुळे ते अडून बसले. गेलेले पैसे मुलीने आणखी वर्षभर सोसल्याने परत येत नाहीत, हे पटायला त्यांना वेळ लागला. गणेश चतुर्थीपर्यंत शाळेबद्दल काहीही ठरवायचे नाही, असेही मी सुचवले. प्राचार्यांनी समजूतदारपणे प्रॅक्टिकलच्या दिवशी आणि काही निवडक तासांना येण्याची मुभा दिली. ती मधूनमधून जाऊ लागली, एकदा पूर्ण दिवस बसली आणि त्याचा तिला अभिमानही वाटला. पण भौतिक आणि गणितातला मागे पडलेला अभ्यास भरून निघेना, आणि हजेरीचा हिशेबही जुळत नव्हता.

चतुर्थीला मूळ घरी सगळा गोतावळा जमणार होता. "बारावी ना? मग किती टक्के पडणार?" हा प्रश्न पाहुण्यांकडून येणारच, म्हणून त्याचे उत्तर आम्ही आधीच तयार करून ठेवले: "माझी तब्येत बरी नव्हती, अभ्यासाचं नंतर ठरवणार आहोत." तिने ते दोन-तीनदा म्हटले आणि काकांबरोबर माटोळी, म्हणजे गणपतीवरची रानफळांची आणि वेलींची आरास, बांधण्याच्या कामाला लागली. आईने नंतर सांगितले की रानातल्या फळांची आणि वेलींची नावे ती चुलत भावंडांना न थांबता सांगत होती. वनस्पतिशास्त्र शिकावेसे वाटते हे तिने पहिल्यांदा बोलून दाखवले ते त्याच आठवड्यात. अभियांत्रिकीची वाट तिच्यासाठी दुसऱ्यांनीच आखली होती.

त्यानंतर आम्ही पुन्हा बसलो तेव्हा शाळा सोडणे हा पळ राहिला नव्हता; तिला कुठे जायचे आहे हे तिला माहीत होते. मी त्या निर्णयाला पाठिंबा दिला.

आता पुढच्या शिक्षणाची धास्ती. शिक्षण हक्क कायदा 2009 हा 6 ते 14 वर्षांच्या मुलांसाठी आहे, त्यामुळे सतरा वर्षांच्या मुलीने शाळा सोडली म्हणून तो कायदा आड येत नाही. मात्र या वयातील होमस्कूलिंग म्हणजे आईने स्वयंपाकघरात बसून रसायनशास्त्र शिकवणे नव्हे. बारावीचे मान्य प्रमाणपत्र हवेच, आणि त्यासाठी 1989 साली स्थापन झालेली राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एन.आय.ओ.एस., हा केंद्र सरकारचा मार्ग आहे. तिथे भाषा धरून पाच विषय उत्तीर्ण व्हावे लागतात, नोंदणी पाच वर्षे टिकते आणि त्या काळात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात. मुख्य परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होते, आणि सर्व विषय एकाच वेळी देण्याची सक्ती नाही. धास्तावलेल्या मुलासाठी ही शेवटची सोय मला फार मोलाची वाटते. प्रॅक्टिकल असलेल्या विषयांसाठी केंद्रावर जावेच लागते, तेव्हा घराबाहेर पडणे पूर्ण सुटत नाही, आणि ते सुटू नयेच. गोव्यातील व्यावसायिक अभ्यासक्रमांचा विचार असेल, तर नाव काढण्यापूर्वी तंत्रशिक्षण संचालनालयाच्या प्रवेशपुस्तिकेतील निवासाच्या आणि विषयांच्या अटी शांतपणे वाचाव्यात. ज्या महाविद्यालयात जायचे आहे तिथेही लेखी विचारून घ्यावे.

तिने गणित सोडले. इंग्रजी, जीवशास्त्र, रसायनशास्त्र आणि गृहविज्ञान घेतले, आणि दार बंद होऊ नये म्हणून भौतिकशास्त्रही ठेवले, पण ते नंतरच्या फेरीसाठी. एक वर्ष जास्त लागणार हे स्पष्ट होते. "वर्ष वाया गेलं" हे वाक्य घरात कोणी उच्चारायचे नाही, असे मी पालकांकडून कबूल करून घेतले. रोज ठरलेल्या वेळी घराबाहेर पडून म्हापशाच्या वाचनालयात बसायचे, मैत्रिणीला आठवड्यातून एकदा भेटायचे, आणि आईने अभ्यास विचारायचा नाही, हेही ठरले. आईला शिक्षिका केले की मुलीला रागावल्यावर जवळ जायला आई उरत नाही.

इथे फोंड्याच्या एका मुलाचे थोडक्यात सांगते, कारण त्याच्या बाबतीत मी उलट सल्ला दिला. त्याला वर्गातील काही मुले सतत छळत होती. त्याला अभ्यास आवडत होता, मित्र हवे होते, तो फक्त त्या वर्गाला घाबरत होता. त्याला घरी बसवणे म्हणजे छळणाऱ्यांची शिक्षा त्याने भोगणे झाले असते. पालकांनी लेखी तक्रार केली आणि वर्षअखेर त्याने शाळा बदलली.

त्या मुलीचा घरचा पहिला महिना मात्र कठीण गेला. ती दहा-अकरापर्यंत झोपे, पुस्तक उघडत नसे, आणि वडिलांचे मला येणारे फोन वाढले. शाळा सोडल्यावर बऱ्याच मुलांच्या बाबतीत असे होते. दमलेले शरीर आधी झोप मागते. पण हे लांबू लागले आणि मूल खोलीतून बाहेर येणे, जेवणे, बोलणे टाळू लागले, तर वाट पाहू नये, पुन्हा डॉक्टरांकडे जावे. तिच्या बाबतीत दिवाळीनंतर वाचनालयाचा नेम लागला. ती जाऊ लागली ती त्याच कदंबने, फक्त नऊच्या, आणि पहिले काही दिवस आई सोबत असे.

पुढच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या फेरीत ती चार विषय उत्तीर्ण झाली. परीक्षेच्या सकाळी पोट दुखलेच, पण ती केंद्रावर गेली आणि पेपर लिहून आली. भौतिकशास्त्र तिने एप्रिलच्या फेरीत दिले, एकटेच, आणि तोपर्यंत औषधेही डॉक्टरांच्या सल्ल्याने बंद झाली होती. आता ती बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. हजेरीचे तास, प्रॅक्टिकल आणि चाचण्या तिथेही आहेत. ताण वाढला की ती आठवड्याचे वेळापत्रक काढून आकडे मांडते आणि मोठा आकडा दिसला की घरी सांगते. वडील अजून गुणांबद्दल विचारतात, पण जेवताना नाही.